इंग्रजी म्हणी शिकायच्या तर सुरुवात घरातून करा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडं इंग्रजी शिकायला येतो. एकदा त्यानं वहीत लिहून आणलं होतं : 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट'. खाली अर्थ होता, लोखंड तापलं की संप करावा. "बाई, हे कामगारांच्या बाजूचं आहे का मालकाच्या?" असं त्यानं अगदी मनापासून विचारलं. त्याचं फारसं चुकलं नव्हतं. कारखान्यात स्ट्राइक म्हणजे संपच. मी विचारलं, "गावात लोहार आहे काय रे?" "आहे की." "लोखंड लाल झाल्यावर काय करतो तो?" त्यानं न बोलता हात वर उचलला आणि हवेत घाव घातला. हात खाली येईपर्यंत त्याच्या तोंडावर अर्थ उमटला होता. मग त्यानंच मला समजावलं, की फौंड्रीत लोखंड पातळ करून साच्यात ओततात, तिथं घण नसतो, म्हणून त्याला ते सुचलं नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात मराठी माध्यमातून शिकून पुण्याला, गोव्याला नाहीतर बेंगळुरूला कामासाठी जाणारी पुष्कळ मुलं मी पाहते. इंग्रजी म्हणी आल्या नाहीत म्हणून आपण कमी, असं त्यांना वाटतं. मग बाजारातून शंभर म्हणींचं पुस्तक आणतात, वीस पाठ करतात, पंधरा विसरतात आणि उरलेल्या पाच चुकीच्या जागी वापरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. क्रम मी शिकवताना धरते तोच ठेवला आहे.

पहिली पायरी : वहीत तीन रकाने आखा

सगळ्यात डावीकडं प्रसंग लिहायचा, मध्ये घरची म्हण आणि उजवीकडं इंग्रजी. इंग्रजी शेवटी. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं, कारण इंग्रजी शब्दांवरून अर्थ काढायला गेलं की वर सांगितल्यासारखा संप होतो. प्रसंग डोळ्यांपुढं असला की शब्द आपोआप जागेवर बसतात.

एक ओळ करून बघू. प्रसंग : शेजारच्या पोरानं भाकरी थापली, ती तुटली, आणि तो म्हणाला पीठच वाईट. घरची म्हण सांगायला नको, नाचता येईना अंगण वाकडे. इंग्रजीत : 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स', म्हणजे अडाणी कारागीर हत्यारांना दोष देतो. मराठीत नाचणारीण आहे, इंग्रजीत सुतार-गवंडी कुणीतरी आहे. माणूस बदलला, खोड तीच.

आता आपल्या भागाचं खरं भांडवल इथं आहे. मधला रकाना आपल्याकडं दुहेरी असतो. तीच म्हण कन्नडात आहे : 'कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु', नाचता न येणारी म्हणाली जमीन वाकडी. शाळेत कन्नड शिकताना गादे मातु, म्हणजे म्हणींचा विस्तार, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलेला असतो, आणि मराठीच्या तासाला कल्पनाविस्तारही केलेला असतो. एकच गोष्ट दोन भाषांत पाहायची सवय ज्याला लागली आहे, त्याला तिसरी जड जात नाही. ज्या मुलांना घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात दोन्ही बोलावं लागतं, ती या कामात पुढं असतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

मला सगळ्यात आवडणारं त्रिकूट हे. आपण म्हणतो, उथळ पाण्याला खळखळाट फार. इंग्रजी म्हणते, 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज', रिकामी भांडी जास्त वाजतात. आणि कन्नड म्हणते, 'तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल', भरलेली घागर हिंदकळत नाही. मराठीनं ओढ्याकडं पाहिलं, इंग्रजीनं रिकाम्या भांड्याकडं, कन्नडानं भरल्या घागरीकडं. विहिरीवरून पाणी आणलेल्या कुठल्याही बाईला यातलं काहीही शिकवावं लागत नाही. अर्धी घागर कमरेवर घेऊन चाललं की पदर भिजतो, भरलेली गप्प बसते. हा प्रसंग पहिल्या रकान्यात लिहा, तिन्ही म्हणी एका वेळी पाठ होतात.

अशाच सरळ जुळणाऱ्या काही ओळी पटापट लिहून घ्या. 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ' म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावे, कन्नडात 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ' म्हणजे सात सुगरणी, भाजी अळणी. 'फॅमिलिअ‍ॅरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट' म्हणजे अतिपरिचयात अवज्ञा. 'बार्किंग डॉग्ज सेल्डम बाइट' म्हणजे गर्जेल तो पडेल काय. 'डोन्ट काउंट युअर चिकन्स बिफोर दे आर हॅच्ड' म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. 'अ बर्ड इन द हँड इज वर्थ टू इन द बुश' म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. यांच्यावर वेळ घालवू नका, वेळ पुढं लागणार आहे.

दुसरी पायरी : चित्र जवळून पाहा

काही म्हणी शब्दशः कळल्या तरी पोचत नाहीत, कारण त्यामागचं काम आपण पाहिलेलं नसतं. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' ही त्यातली. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये. का बघू नये? मुलं म्हणतात, चावेल म्हणून.

जनावरांच्या बाजारात वडिलांबरोबर गेलेल्या पोराला मात्र विचारा. बैल घेताना गिऱ्हाईक काय करतं? एका हातानं वेसण धरतं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालचा ओठ खाली ओढतं आणि दात मोजतं. दुधाचेच दात असतील तर आदत. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि आठही भरले की जुळला. त्यावरून वय, वयावरून किंमत. घोड्याचं वयही दातांवरूनच धरतात. म्हणून विकत घेताना तोंड उघडणं हे शहाणपण, पण कुणी प्रेमानं दिलेल्या जनावराचं तोंड उघडून बघणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. एवढं कळलं की आपली म्हण आपोआप ओठावर येते : धर्माची गाय आणि दात का गं नाय! दोन्हीकडं दातच आहेत. शिवाय आपल्या म्हणीत आणखी एक गंमत आहे. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात मुळातच नसतात. फुकट मिळालेल्या गायीत खोड काढणारा जे नसतंच तेच शोधत बसतो.

ही म्हण इंग्रजांनीही पहिल्यांदा केलेली नाही. इसवी सन ४०० च्या सुमारास संत जेरोम यांनी ती लॅटिनमध्ये लिहिली आणि तेव्हाच ती लोकांच्या तोंडची असल्याचं म्हटलं. इंग्रजीत ती १५४६ साली जॉन हेवूड यांच्या संग्रहात छापली गेली. 'व्हेन इन रोम, डू अ‍ॅज द रोमन्स डू' ही तशीच जुनी. मिलानमध्ये शनिवारी उपास नसे, रोममध्ये असे. तेव्हा कुठली रीत पाळायची, या प्रश्नाला चौथ्या शतकात बिशप अँब्रोज यांनी दिलेलं उत्तर तिच्या मुळाशी आहे : जिथं असाल तिथली. देश तसा वेश. खानापुरात मराठी आणि गोकाकच्या बाजारात कन्नड बोलणाऱ्याला हे कळायला रोमला जावं लागत नाही. सांगायचं इतकंच, की इंग्रजी म्हणी परक्या वाटल्या तरी त्यांतल्या कितीतरी त्या भाषेतही बाहेरूनच आलेल्या आहेत. बिचकू नका.

तिसरी पायरी : जुना अर्थ असलेला शब्द शोधा

म्हणी जुन्या असतात, त्यातला एखादा शब्द आता वेगळ्या अर्थानं चालतो. तो शब्द सापडेपर्यंत म्हण उघडत नाही. लाल पेनानं त्याच्याभोवती गोल करा.

'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग'. इथं गोल 'प्रूफ'भोवती. आपल्याला प्रूफ म्हणजे पुरावा माहीत, पण इथं त्याचा अर्थ कसोटी, परीक्षा. पुडिंगची परीक्षा खाण्यात. त्या काळचं पुडिंग गोडही नसायचं, आतड्यात मांस वगैरे भरून शिजवलेला पदार्थ असायचा, आत काय भरलंय ते बाहेरून दिसायचं नाही. मुलांना मी कुंद्यावरून, म्हणजे आपल्याकडच्या खव्याच्या मिठाईवरून, सांगते. दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे, खवा नीट परतलाय का नुसती साखर घातलीय, ते जिभेवर ठेवल्यावरच कळतं.

'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' ही सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी. अपवाद निघाला की नियम खरा ठरतो, असं कसं होईल? तसं ती म्हणतच नाही. मूळ तत्त्व लॅटिन कायद्यातलं आहे. दुकानावर 'रविवारी बंद' अशी पाटी असेल, तर उरलेले सहा दिवस दुकान उघडं असतं, हे न लिहिता कळतं. अपवाद सांगितला, त्यावरून नियम सिद्ध झाला. एवढीच गोष्ट.

'अ स्टिच इन टाइम सेव्ज नाइन' मध्ये गोल 'इन टाइम'भोवती, म्हणजे वेळेवर. आणि नऊच का? आठ किंवा दहा का नाही? टाइम आणि नाइन कानाला जुळतात म्हणून. थॉमस फुलर यांच्या १७३२ च्या संग्रहात ती सापडते, तिथं 'वाचवील' ऐवजी 'वाचवू शकेल' असं जरा सावध बोलणं आहे. वडगाव-शहापूरकडच्या मागावाल्यांच्या घरातल्या मुलांना टाक्यापेक्षा धागा जवळचा. ताण्याचा एक धागा तुटला आणि माग थांबवून तो तिथल्या तिथं सांधला तर मिनिटाचं काम. दुर्लक्ष केलं तर पुढच्या कापडात लांबच लांब रेघ उतरते आणि ती साडी दुय्यम मालात जाते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं ही म्हण ऐकल्या ऐकल्या "बाई, हे आमच्या आज्जीचं वाक्य आहे," म्हटलं होतं. तिच्या वहीतली ती ओळ मला आजही आठवते, कारण पहिल्या रकान्यात तिनं फक्त दोन शब्द लिहिले होते : तुटला धागा.

'पेनी वाइज, पाउंड फूलिश' साठी थोडा हिशेब लागतो. जुन्या पद्धतीत १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पाउंड, म्हणजे पाउंडात २४० पेन्स. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटननं दशमान पद्धत घेतली आणि पाउंडाचे १०० पेन्स झाले. आपल्याकडंही १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे होतेच, अजून आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो. तर पेनीला शहाणा आणि पाउंडाला वेडा. घरची म्हण कुठली? बरीच मुलं चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असं लिहितात, कारण दोन्हीकडं पैसे दिसतात. पण ती निराळी. तिथं मूळ वस्तूपेक्षा वरखर्च जास्त. पेनीवाल्याचा दोष असा, की तो छोटी गळती बंद करतो आणि मोठी उघडी सोडतो. म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. पैशाचं नावही नाही, तरी जुळते हीच.

चौथी पायरी : म्हणीचा रंग बघा

अर्थ कळला तरी ती शाबासकी आहे की टोमणा, हे कळलं पाहिजे. नाहीतर मोठा घोटाळा.

'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस', गडगडणाऱ्या दगडाला शेवाळ धरत नाही. हे वाचून आपला मुलगा म्हणतो, चांगलंच की! कणकुंबीकडं पावसाळ्यात चार दिवस गेलेल्याला शेवाळाचं कौतुक नसतं. चिऱ्याच्या पायऱ्या हिरव्या होतात, पाय घसरतो, बायका खराट्यानं घासून काढतात. शेवाळ धरलं नाही तर बरंच. म्हणून तो ही म्हण स्वतःची स्तुती म्हणून वापरतो : मी सारखा फिरतो, ताजातवाना राहतो. पण जुन्या वापरात ही तक्रार आहे. इथं शेवाळ म्हणजे एका जागी टिकल्यानं हळूहळू जमणारं काहीतरी : पैसा, ओळख, पत. जो सारखा नोकरी बदलतो, गाव बदलतो, त्याच्या पदरी काही साठत नाही. पुढं काही लोक ती फिरत्या माणसाच्या बाजूनंही वापरू लागले, त्यामुळं आता दोन्ही अर्थ ऐकू येतात. मुलाखतीत मात्र "आय अ‍ॅम अ रोलिंग स्टोन" म्हणू नका. समोरचा माणूस मनात लिहून घेईल, हा सहा महिन्यांत सोडून जाणार.

उलट बाजूचं उदाहरण. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स', ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या. हेही हेवूड यांच्या संग्रहात आहे. इंग्लंडात उन्हाळ्यातही पाऊस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून कापलेलं गवत वाळवायची घाई. इथं काही वाईट नाही, वेळेवर काम करणाऱ्या शेतकऱ्याचं शहाणपण आहे. आपण मात्र मधल्या रकान्यात पटकन लिहितो, वाहत्या गंगेत हात धुवून घ्यावे, किंवा आपली पोळी भाजून घेणे. या दोन्हींना आपमतलबाचा वास आहे. एका मुलानं साहेबांच्या कामाचं कौतुक म्हणून हे मराठी वाक्य ऐकवलं, तर काय होईल विचार करा. अशा वेळी मधल्या रकान्यात म्हण लिहून झाल्यावर शेजारी एक खूण करा. मी शाबासकीला अधिक, टोमण्याला उणे आणि दोन्ही चालणाऱ्याला गोल अशी खूण करते.

'चॅरिटी बिगिन्स अ‍ॅट होम' पुढं आधी पोटोबा मग विठोबा लिहिणारेही असेच फसतात. पोटोबा म्हणजे स्वतःचं पोट. इंग्रजी म्हण स्वतःबद्दल नाही, घरच्यांबद्दल आहे : दयामाया आधी आपल्या माणसांपासून सुरू व्हावी. कन्नडात यावर नेमकी उलट बाजूनं बोट ठेवणारी म्हण आहे, 'मनेगे मारी, ऊरिगे उपकारी'. घराला मारी, म्हणजे मरीआईसारखा जाच, आणि गावाला उपकारी. इंग्रजी म्हण ज्याला सांगायची, तो हाच माणूस.

पाचवी पायरी : तोंडात बसवा

म्हण लिहिता आली म्हणजे बोलता येते असं नाही. दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा.

इंग्रजी बोलणारे बऱ्याचदा अर्धीच म्हण बोलतात. "वेल, व्हेन इन रोम..." म्हणून थांबतात. "टू मेनी कुक्स..." म्हणून हसतात. ऐकणारा उरलेली मनात पुरी करतो. आपणही तेच करतो की, "नाचता येईना..." एवढंच म्हणतो. त्यामुळं म्हणीचे पहिले तीन-चार शब्द कानानं ओळखता आले पाहिजेत. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात फक्त सुरुवात रेकॉर्ड करा, थोडी जागा सोडा, आणि ऐकताना उरलेली म्हण मोठ्यानं बोला. बसमध्ये, कामावर जाता-येता जमतं.

म्हणीतले शब्द बदलायचे नाहीत. काळ बदलायचा नाही, एकवचनाचं अनेकवचन करायचं नाही. 'अंथरूण पाहून हात पसरावे' असं कुणी म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? तसंच. वाक्यात म्हण जोडायला 'अ‍ॅज दे से' हे तीन शब्द पुरतात, 'म्हणतात ना' सारखे.

आणि कमी वापरा. दहा मिनिटांच्या बोलण्यात एक म्हण खुलते, तीन झाल्या की पाठांतर उघडं पडतं. साहेबांना लिहिलेल्या ईमेलमध्ये उणे खुणेची म्हण तर नकोच. टोमणा कागदावर जास्त लागतो, कारण सोबत हसू पाठवता येत नाही.

आठवड्याला पाच ओळी पुरेत. शनिवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढं वही घेऊन बसा, पहिला रकाना वाचून दाखवा आणि विचारा, "आज्जी, अशा वेळी तुम्ही काय म्हणता?" पुस्तकात नसलेलं इतकं निघतं, की मधला रकाना अपुरा पडतो. शेजारी कन्नड बोलणाऱ्या अक्का असतील तर त्यांनाही विचारा. माझ्या स्वतःच्या वहीतल्या निम्म्या गादे अशाच उंबऱ्यावर बसून मिळाल्या आहेत.

एवढं करूनही काही ओळींत उजवा रकाना रिकामा राहील. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही माझ्या वहीत कित्येक वर्षं तशीच आहे. 'बेगर्स कान्ट बी चूझर्स' जवळ येते, पण तिथं मुळातच गरजू असलेला माणूस आहे आणि मुद्दा निवडीचा आहे. मोठ्या माणसावर वेळ आली आणि त्याला नको त्याच्यापुढं वाकावं लागलं, ही कळ तिच्यात नाही. तेव्हा तो रकाना जबरदस्तीनं भरू नका. तिथं साध्या इंग्रजीत दोन वाक्यांत प्रसंग सांगा, आणि समोरच्यानं विचारलंच तर आपली म्हण मराठीत म्हणून दाखवा, मग तिचा अर्थ सांगा.